यती हलत नाही, बोट गेली, तरी आम्ही गेलोच: ऑर्लँडोची वारी

शनिवार

अटलांटाहून ऑर्लँडो म्हणजे आय-75 धरायचा आणि खाली खाली जात राहायचं, साडेचारशे मैलांच्या आसपास, वाइल्डवूडला टर्नपाइकवर चढायचं, बाकी डोकं लावायचं काम नाही. पोरीचा फॉल ब्रेक, कराडहून आलेले सासू-सासरे आणि नवऱ्याची सुट्टी हे तिन्ही ऑक्टोबर 2025 मध्ये एकदाचं जुळलं. सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं म्हणजे आठला निघालो. आईंनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या एवढ्या बांधून घेतल्या होत्या की मेकनच्या पुढे गाडीत फक्त खाणं चालू होतं. फ्लोरिडात शिरल्या शिरल्या सरकारी वेलकम सेंटर लागतं, तिथं संत्र्याचा रस फुकट देतात, एवढासा कागदी पेला, बाबांनी दोनदा घेतला.

मी ऑर्लँडोच्या डिस्ने पार्कांची जुनी फॅन. एमएसला गेन्सव्हिलला होते 2007 पासून, तिथून ऑर्लँडो दोन तासांवर, त्यामुळे पैसे साठले की चला. आणि फॅन म्हणजे नुसते मिकीचे कान लावून फोटो काढणारी नाही हां, कुठल्या वर्षी स्टेजवरून काय जाहीर केलं, पडद्यावर कसलं देखणं चित्र दाखवलं आणि शेवटी तिथं काय उभं राहिलं, हे सगळं लक्षात ठेवणारी. नवरा म्हणतो एवढं लक्ष 401के कडे, म्हणजे रिटायरमेंटच्या खात्याकडे, दिलं असतंस तर आज रिटायर झालो असतो.

मुक्काम किसिमीला एका मोटेलात. वेबसाइटवर फ्री शटल ठळक अक्षरात, काउंटरवर गेल्यावर कळलं की शटल सकाळी एक आणि रात्री एक, आणि तीही आदल्या दिवशी सातच्या आत नाव लिहिलं तरच. आम्ही पोचलो साडेसातला. म्हणजे गाडी काढा आणि पार्किंगचे पैसे भरा. आईंना 2012 ची ट्रिप आठवली, तेव्हा ते दोघं पहिल्यांदा आले होते आणि आम्ही हौसेनं डिस्नेच्याच हॉटेलात राहिलो होतो, एअरपोर्टवर बस उभी, पैसे शून्य, आणि पिवळे टॅग लावलेल्या बॅगा परस्पर खोलीत. मॅजिकल एक्स्प्रेस म्हणायचे तिला. 2005 ला सुरू झाली आणि 2022 उजाडताना बंद केली. आई म्हणाल्या, तेव्हा माहेरी आल्यासारखं वाटलं होतं. मी काही बोलले नाही, पुऱ्या संपवल्या.

रविवार

ॲनिमल किंगडम. रोप ड्रॉप करायचं म्हणजे गेट उघडायच्या आधी जाऊन उभं राहायचं, ते केलं. गाडी लावली ती ओळ युनिकॉर्न. आता बघा, प्राण्यांचं पार्क, बाकी ओळींची नावं जिराफ, मोर वगैरे, त्यात हा एकशिंगी घोडा कुठून आला? तर 1998 ला पार्क उघडलं तेव्हा खऱ्या प्राण्यांचा एक भाग, डायनासोरचा एक आणि काल्पनिक प्राण्यांचा एक असा बेत होता, बीस्टली किंगडम नाव ठरलं होतं, ड्रॅगन, युनिकॉर्न सगळं येणार होतं. पैसे कमी पडले आणि तो भाग राहिला तो राहिलाच. पार्कच्या लोगोत हत्तीच्या जोडीला ड्रॅगन आहे आणि पार्किंगला युनिकॉर्न आहे, आत दोन्ही नाहीत. लेकीला हे सांगितलं तर म्हणते, मम्मा मग ते पुसत का नाहीत? प्रश्न बरोबर आहे.

सफारी मात्र अजून तशीच सुंदर. त्यात खोट काढायला मला जागा सापडत नाही. एक जिराफ रस्त्यातच उभा राहिला आणि आमचा ट्रक थांबला, ड्रायव्हर पोरगी म्हणाली त्याचा मूड होईल तेव्हा जाऊ. बाबा एकदम खूश.

मग आशिया विभाग, आनंदापूर. हे डिस्नेनं रचलेलं काल्पनिक गाव, भारत-नेपाळ-इंडोनेशिया असं सगळं घोटून केलेलं. भिंतीचा रंग उडालेला, पत्रा गंजलेला, हाताने रंगवलेल्या पाट्या, टेकून ठेवलेल्या सायकली, झाडानं मुळं घालून फोडलेलं देऊळ. आई दोन मिनिटं गप्प उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं हे बघायला एवढे तास विमानात बसले व्हय मी?" मी हसून हसून मेले. पण बाबांनी भिंतीवरून हात फिरवला आणि सांगितलं की हे सगळं मुद्दाम केलंय, गंज म्हणजे रंग आहे, ओरखडा ब्रशनं ओढलाय. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून रिटायर झालेत, खरा गंज आणि खोटा गंज त्यांना न सांगता कळतो. खूप बारीक काम केलंय म्हणाले, शाबास.

आणि त्याच गावाच्या मागं एव्हरेस्ट. एक्सपिडिशन एव्हरेस्ट ही रोलर कोस्टर, एप्रिल 2006 ला उघडली, डोंगराची उंची 199.5 फूट, कारण 200 केली असती तर विमानांसाठी वर दिवा लावावा लागला असता. गाडी चढते, पुढं रूळ उखडलेले, गाडी अंधारात उलटी सुटते, आणि शेवटी गुहेत यती, म्हणजे हिममानव, तुमच्यावर हात टाकतो. टाकायचा, म्हणजे. पंचवीस फुटांचा यांत्रिक यती, उघडला तेव्हा असा अंगावर यायचा म्हणे की लोक खरोखर वाकायचे. काही महिने चालला आणि थांबला. त्याच्या आधाराच्या सांगाड्यात बिघाड झालाय आणि दुरुस्त करायचा तर डोंगरच फोडावा लागेल असं फॅन लोकांत बोललं जातं. तेव्हापासून तो हात वर करून उभा आहे आणि त्याच्यावर लुकलुकणारा स्ट्रोब लाइट टाकतात, म्हणजे हलल्यासारखं वाटावं. त्यावरून नाव पडलं डिस्को यती. मी 2007 पासून त्याला बघतेय, हललेला एकदाही बघितला नाही.

हा डोंगर ज्यानं डिझाइन केला तो जो रोडी, डिस्नेचा नावाजलेला इमॅजिनीअर (पार्क डिझाइन करणाऱ्यांना ते असं म्हणतात), 2013 ला फॅन लोकांच्या मेळाव्यात भर सभेत म्हणाला होता की यतीला मी कधी ना कधी दुरुस्त करणार. टाळ्यांचा कडकडाट. 2021 च्या सुरुवातीला तो रिटायर झाला.

मी आणि लेक बसून आलो, राइड म्हणून अजूनही झकास आहे, उलटं जाताना पोटात गोळा येतोच. बाबांना बीपीमुळे आईंनी बसू दिलं नाही, ते खाली बाकावर बसून गाड्यांचे आवाज ऐकत होते. मी फोनवर यतीचा व्हिडिओ शोधून दाखवला, आधी 2006 चा, मग आत्ताचा. त्यांनी दोन्ही परत परत लावले. मग म्हणाले, "आमच्याकडं गाडी बिघडली की काचेवर खडूनं नादुरुस्त लिहायचं आणि डेपोत लावायची. ह्यांनी बिघडलेल्यावर लाइट सोडला आणि तिकीट चालू ठेवलं." नवरा म्हणाला बाबा तुमच्या डेपोत किती गाड्या खडू लावलेल्या असायच्या तेही सांगा. त्यावर बाबा म्हणाले, लिहिलेलं तरी असायचं ना.

मला जे इतकी वर्षं नीट सांगता येत नव्हतं ते हेच होतं. यंत्र आहे, बिघडणार, त्याचा राग नाही कुणाला. आधी छातीठोक सांगायचं, मग गप्प बसायचं आणि लोक विसरतील म्हणून वाट बघायची, याचा राग येतो. फॅन विसरत नाहीत एवढीच अडचण आहे.

बाकी पार्कात बांधकामाच्या भिंतीच भिंती. डायनोलँडचा, म्हणजे त्या डायनासोरवाल्या विभागाचा, बराच भाग जानेवारीतच बंद झालाय, तिथं 2027 ला ट्रॉपिकल अमेरिकाज नावाचा नवीन विभाग येणार. मोठ्या झाडाच्या पोटातलं थिएटर बंद, नवीन शो नोव्हेंबरला. आम्ही ऑक्टोबरला. असो.

सोमवार

मॅजिक किंगडम, आणि सोमवार मुद्दाम निवडला. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत आठवड्यातून बऱ्याच रात्री इथं हॅलोवीन पार्टी असते, तिचं तिकीट वेगळं, आणि पार्टीच्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर काढतात. ज्यांना माहीत नसतं ते बिचारे फटाक्यांसाठी पोरांना दुपारी झोपवून सहाला ताजेतवाने आणतात आणि सगळे बाहेर निघालेले बघतात. कॅलेंडर बघून जा, हे आधीच सांगून ठेवते.

1971 ला हे पार्क उघडलं तेव्हा आत जायला साडेतीन डॉलर पडायचे (राइडची कुपनं वेगळी), आता गर्दीच्या दिवशी एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट दोनशेच्या घरात जातं. वर रांग चुकवायचे पैसे. 1999 पासून फास्टपास फुकट होता, मशीनमधून चिठ्ठी काढायची, वेळ झाली की जायचं, मी स्टुडंट असताना सगळ्या ग्रुपची तिकिटं घेऊन मीच पळायचे. 2020 ला कोविडमध्ये थांबवला तो परत आलाच नाही, ऑक्टोबर 2021 ला जिनी प्लस म्हणून माणशी पंधरा डॉलरला आला, 2024 ला नाव बदलून लाइटनिंग लेन मल्टी पास, दर रोजचा वेगळा, आणि सगळ्यात वरचा प्रीमियर पास आणला त्याची जाहीर केलेली रेंजच 129 ते 449 डॉलर, माणशी, एका दिवसाची. आम्ही पाच जण. गुणाकार नवऱ्याने केला आणि फोन खिशात ठेवला. आम्ही साधा मल्टी पास घेतला आणि दिवसभर मी फोनमध्ये तोंड घालून पुढची वेळ शोधत होते. लेक म्हणाली मम्मा मला स्क्रीन टाइम नाही आणि तुला किती आहे.

दुपारी आई म्हणाल्या, चला बोटीत बसू, पाय दुखायलेत. 2012 ला आम्ही दुपारचं ऊन त्या बोटीतच काढलं होतं. लिबर्टी बेल, पांढरी, दोन-तीन मजली, मागं लाल चाक फिरणारं, नदीतून हळूहळू बेटाला वळसा घालायची, रांग फारशी नाही, वर वारा, कुणी उठवत नाही. आई तेव्हा एका खांबाला टेकून डुलकी काढत होत्या आणि मधेच शिट्टी झाली तशा दचकून "कंडक्टर, स्टॉप आला का?" म्हणाल्या होत्या, ते आमच्या घरात अजून म्हटलं जातं.

तिथं गेलो तर रंगवलेल्या लाकडी भिंती. मला माहीत होतं हो, 6 जुलै शेवटचा दिवस होता, बेट, नदी, बोट सगळं कायमचं बंद, नदी बुजवून तिथं कार्स सिनेमातल्या गाड्यांचा भाग करतायत. बातम्या वाचून झाल्या होत्या, हळहळ व्यक्त करून झाली होती. पण आईंना कोण सांगणार, मी आपली म्हटलं बघू प्रत्यक्ष काय आहे. त्या भिंतीच्या फटीतून बघायला लागल्या. "एवढी नदी कुठं घालवली गं ह्यांनी?" मागून जेसीबीचा आवाज येत होता.

नदी म्हणजे काही खरी नदी नव्हती, खणलेला कालवाच, पण पार्क उघडलं त्या दिवसापासूनची. आणि माझं म्हणणं एवढंच की जे जे जातंय ते बघा, बसायला जागा असलेलं, सावलीतलं, रांग नसलेलं, म्हाताऱ्या माणसाला चालेल असं. जे येतंय त्याला पास लागतो, उंचीची पट्टी लागते, नाहीतर फोन लागतो. चित्रात सगळं हिरवंगार दाखवतात, त्या चित्रात बाकावर बसलेली आजी मी अजून तरी बघितली नाही.

मग आईंना कॅरोसेल ऑफ प्रोग्रेसला नेलं. हा शो 1964 च्या न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअरसाठी केलेला, आपण बसलेलं थिएटरच गोल फिरतं आणि समोर एकेका काळातलं घर येतं, आधी हातपंप, मग वीज, मग रेडिओ. शेवटचा देखावा आजचा-उद्याचा, पण तो बदललाय 1993-94 च्या सुमाराला, त्यामुळे त्यातला भविष्यकाळ आपल्या कॉलेजच्या आधीचा आहे, आजी डोळ्यावर व्हीआर चढवून गेम खेळतेय आणि बोलून चालणारा ओव्हन टर्की जाळून टाकतो. आईंना तुफान आवडलं. एसी, बसायला खुर्ची आणि सासू-सुनेला कळेल अशी गोष्ट. बाबा झोपले.

आता गंमत अशी की याला हात लावायचं नुसतं नाव काढलं तरी फॅन पेटून उठतात, मीही. नदी बुजवू नका, जुना शो बदलू नका, पण नवीन काहीच करत नाही म्हणून बोंबलायलाही आम्हीच. आमचं समाधान करणं सोपं नाही हे कबूल.

रात्री स्टारलाइट परेड. 2016 नंतर या पार्कात रात्रीची परेडच नव्हती, यंदा जुलैपासून परत आणली. छान आहे, खरंच छान आहे, लेक तर फुटपाथवर उभी राहून नाचली. चांगलं केलं की लोक टाळ्या वाजवतात, एवढं साधं आहे ते.

मंगळवार

एपकॉट, माझं आवडतं आणि मोडलेल्या वचनांचं माहेरघर. नावापासूनच सुरुवात आहे. वॉल्ट डिस्नेला इथं पार्क करायचंच नव्हतं, खरंखुरं शहर वसवायचं होतं, हजारो लोक राहतील, मोनोरेलनं कामाला जातील, भविष्यातल्या शहराचा नमुना. डिसेंबर 1966 ला तो गेला, कंपनीनं नाव ठेवलं, शहर सोडून दिलं आणि 1982 ला पार्क उघडलं. तरी ते पार्क जबरदस्त होतं असं जुने लोक सांगतात.

2019 च्या मेळाव्यात या पार्काचा कायापालट जाहीर झाला होता. मोठ्या गोळ्याच्या आतली राइड नव्यानं, इंग्लंडच्या भागात सिनेमातल्या मेरी पॉपिन्सची गल्ली, एक प्ले पॅव्हिलियन, मधोमध तीन मजली उत्सवाची इमारत. मग कोविड आला, ठीक आहे, जगाचंच थांबलं. पण कोविड गेला तरी गल्ली नाही, पॅव्हिलियन नाही, इमारतीच्या जागी एक बैठा हॉल आणि बाग. बाग चांगली आहे, लोक बसतात. पण ते चित्र मी सेव्ह करून ठेवलंय ना.

फिगमेंटच्या राइडला लेकीला नेलं ते निव्वळ इतिहास म्हणून. 1983 ला ही राइड होती तेव्हा ड्रीमफाइंडर नावाचा दाढीवाला आणि त्याचा जांभळा पिल्लू ड्रॅगन फिगमेंट, लोकांचा जीव होता त्यांच्यावर. 1998 ला बंद करून 1999 ला उघडली तर दाढीवाला गायब आणि फिगमेंट नावापुरता. इतका आरडाओरडा झाला की 2002 ला फिगमेंटला परत आणावं लागलं. तीच तिसरी आवृत्ती अजून चालू आहे आणि मला विचाराल तर ती बघितल्यावर कल्पनाशक्ती थोडी कमीच होते. दुकानात मात्र फिगमेंट सगळ्या साइजमध्ये.

जगाच्या तळ्याभोवती अकरा देश आहेत. आईंनी नॉर्वे, चीन करत करत विचारलं, आपला कुठं आहे? आपला नाही. चीन आणि जर्मनीच्या मधे एक आफ्रिकन धाटणीचं छोटं दुकान आणि वाजवायला ढोल आहेत, तिथं इक्वेटोरियल आफ्रिकेचं अख्खं पॅव्हिलियन येणार म्हणून उद्घाटनाच्या वेळी गाजावाजा झाला होता. चाळीस वर्षांवर झाली, दुकानच आहे. बाबांनी ढोलावर हात टाकला आणि गणपतीचा ताल धरला, आणि कुठलीशी गोरी पोरं येऊन नाचायला लागली, हा माझ्या मते अख्ख्या ट्रिपचा हायलाइट आणि याला लाइटनिंग लेन लागत नाही.

लिव्हिंग विथ द लँडला बाबांनी दोन फेऱ्या मारल्या. बोटीत बसून काचेच्या घरांतून जायचं, मातीशिवाय वाढवलेले टोमॅटो, लटकणारे भोपळे. उसाचं काय, ऊस दाखवा म्हणून बोट चालवणारं कुणी आहे का शोधत होते. ती आपोआप चालते.

बुधवार

हॉलीवूड स्टुडिओज, हा दिवस नवऱ्याचा, त्यामुळे मी थोडक्यात आटपते. स्टार वॉर्सचा भाग 2019 ला उघडला, देखावा म्हणाल तर तोंडात बोट घालाल असा. पण उघडायच्या आधी सांगितलं होतं की तुम्ही यान कसं चालवलंत ते सगळ्या गावाला कळेल, आपटलंत तर बारमधला माणूस टोमणा मारेल, तुमची पत त्या गावात तयार होईल. नवरा या एका गोष्टीसाठी दोन वर्षं वाट बघत होता. यान त्यानं याही वेळी आपटलं, बारवाल्याला पत्ता नाही. टोमणा आईंनी मारला.

त्याच्याच शेजारचं दोन रात्रींचं तारायान-हॉटेल मार्च 2022 ला सुरू झालं, दोघांना चार हजार आठशे डॉलरच्या आसपास, आणि सप्टेंबर 2023 ला गुंडाळलं. जे तिथं राहून आले ते म्हणतात तिथले कलाकार लोक जीव ओतून काम करायचे. ते मला सगळीकडेच दिसतं, कॉस्च्युममध्ये घामानं भिजलेली पोरं अजून लहान मुलांपुढं गुडघ्यावर बसून बोलतात. फॅनांचा राग त्यांच्यावर नाहीच, वरच्या मजल्यावर आहे.

मपेट्स बाहुल्यांचा थ्रीडी शो जूनमध्ये बंद झाला. तोही बसून बघायचा होता, हे आपलं सहज.

गुरुवार

परतीचा रस्ता. गाडीत नवऱ्यानं विषय काढला की मे महिन्यात ऑर्लँडोतच युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीचं एपिक युनिव्हर्स पार्क उघडलंय, पुढच्या वेळी तिकडं जाऊ. डिस्नेनं पण 2023 ला जाहीर केलंय की दहा वर्षांत पार्क आणि जहाजांवर 60 अब्ज डॉलर घालणार. लेकीला 2027 च्या ट्रॉपिकल अमेरिकाजमधला एन्कांतो सिनेमावाला भाग बघायचाच आहे, तिनं त्याचं चित्र टॅबवर वॉलपेपर म्हणून लावलंय. मी म्हटलं ते चित्र जपून ठेव हां, नंतर कामाला येतं.

वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल तर मॅजिक किंगडममध्ये पीपलमूव्हर (उंचावरून हळू फिरवणारी गाडी), कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस, एपकॉटमध्ये लँडची बोट, ॲनिमल किंगडममध्ये सकाळची सफारी, एवढं पक्कं धरा. निघायच्या आदल्या आठवड्यात काय काय बंद आहे त्याची यादी बघा, पार्टीच्या तारखा बघा, आणि मोटेलचं शटल आहे असं लिहिलेलं असलं तरी फोन करून विचारा किती वाजता ते.